कांडी कुणाची? सोलापुरातल्या दोन टॅक्सी आणि बॅटरी बदलण्याचा हिशेब

उन्हाळ्यातल्या एका रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला. "काय करलालास बे? मी पाठवलेला व्हिडिओ बघितलास का?" व्हिडिओ चीनमधला होता. गाडी एका खोलीत जाऊन उभी राहते, खालून यंत्र येतं, रिकामी बॅटरी काढतं, भरलेली बसवतं आणि पाच मिनिटांत गाडी बाहेर. "आपल्या अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये हे टाकलं तर? तू इंजिनिअर हायस, हिशेब करून दे."

दादाचा, म्हणजे या मामेभावाचा, धंदा स्टेशनसमोरच्या टॅक्सीचा. पाच गाड्या, त्यातल्या तीन डिझेलच्या आणि दोन इलेक्ट्रिक सेडान. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर असं एका दिवसात तिन्ही देवांचं दर्शन घडवणं हा त्याचा मुख्य व्यवसाय. मी चार्जिंगच्या जोडण्यांची कामं करतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्याला हवं होतं हो किंवा नाही. पण हिशेब करता करता प्रश्नच बदलत गेला, म्हणून हे सगळं प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

शेडमधली खोकी

ती शेड म्हणजे मामांचा चादरीचा कारखाना. माग विकून बरीच वर्षं झाली. मागांच्या काळातलं थ्री फेज कनेक्शन मात्र दादानं बंद केलं नव्हतं, आणि ते या प्रकरणात फार कामाला आलं.

जागा बघायला गेलो तेव्हा कोपऱ्यात कांड्यांनी भरलेली तीन खोकी धूळ खात पडली होती. ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या पोटात एक कांडी असते. तिच्यावरचा धागा संपला की माग थांबतो. विणकर धोटा उचलतो, रिकामी कांडी उपसतो, भरलेली बसवतो, धाग्याचं टोक धोट्याच्या डोळ्यातून ओढून घेतो आणि माग पुन्हा खडखडायला लागतो. सगळं काही सेकंदांत. पलीकडे मामी कांडी मशीनवर बसून रिकाम्या कांड्या सावकाश भरत असायची. माग तिच्यासाठी कधी खोळंबला नाही आणि तिला कधी मागासाठी घाई करावी लागली नाही. भरण्याचा वेळ आणि चालण्याचा वेळ वेगळे केले, हीच त्यातली खुबी. बॅटरी बदलण्याची कल्पना नेमकी हीच आहे.

दादाच्याही ते लगेच लक्षात आलं. पण त्यालाच मी विचारलं, "दादा, हे तिसरं खोकं वेगळं कशाला रे?" तो म्हणाला, "बाबांनी नंतर जुने चार माग घेतले की. त्यांचा धोटा वेगळा. ह्याची कांडी त्याला बसायची नाही. आई सारखी ओरडायची."

माझं पुढचं निम्मं उत्तर त्या तिसऱ्या खोक्यात होतं.

गाडीच्या पोटाखाली

व्हिडिओवर विश्वास ठेवण्याआधी आपली गाडी खालून बघू, म्हणून एक सेडान लिफ्टवर चढवली. पुढच्या चाकापासून मागच्या सीटपर्यंत पसरलेली पत्र्याची चपटी पेटी, तिच्यावर वाळलेल्या काळ्या मातीचा थर, कडेनं बोल्टची रांग. पुढच्या टोकाला उच्च दाबाच्या नारिंगी केबल आत जात होत्या. मिस्त्रीनं टॉर्च मारून बोल्ट दाखवले. "साहेब, हे उघडता येतं, पण वर्षातून एकदासुद्धा उघडू नये असं आहे."

26 किलोवॅट-तासांची, म्हणजे 26 युनिट वीज साठवणारी, अशी पेटी दोनशे किलोच्या आसपास जाते. ती पाच मिनिटांत काढायची तर बोल्टऐवजी झटपट सुटणारी कुलपं लागतात, हजारो वेळा लावली-काढली तरी न झिजणारे विजेचे जोड लागतात, आणि पावसाळ्यात सोलापूरच्या चिखलातून आलेलं पोट आधी धुवून घ्यावं लागतं. ज्या गाड्यांना कूलंट फिरवून बॅटरी थंड ठेवतात, त्यांच्या नळ्या न गळता सुटायला आणि जुळायला हव्यात. गाडीचा आराखडाच त्या हिशेबानं करावा लागतो. बाजारातली तयार गाडी घेऊन मागाहून ही सोय करायला गेलं तर वॉरंटी गेलीच, शिवाय गाडीची मान्यताही धोक्यात. दादाच्या दोन्ही गाड्या इथेच बाद झाल्या. खरं तर प्रकरण इथेच मिटायला हवं होतं. पण त्याला पुढच्या गाड्या घ्यायच्या होत्या, आणि "तशा गाड्या उद्या आल्या तर?" हा त्याचा प्रश्न रास्त होता.

जगात हे कुठवर आलं आहे

कल्पना नवी नाही. 1910 च्या दशकात अमेरिकेतल्या हार्टफोर्ड शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रकांना बदलत्या बॅटऱ्या पुरवल्या जात होत्या. आपल्या पिढीतला मोठा प्रयोग इस्रायलमधल्या बेटर प्लेस या कंपनीचा. 2007 मध्ये सुरुवात, जवळपास 85 कोटी डॉलरचं भांडवल, आणि मे 2013 मध्ये दिवाळं. यंत्रं नीट चालत होती. पण त्या स्टेशनांवर बॅटरी बदलू शकेल अशी गाडी एकच होती, रेनोची फ्लुएन्स, आणि तिची विक्री दीड हजाराच्याही आत थांबली. टेस्लानं 2013 मध्ये दीड मिनिटात बॅटरी बदलून दाखवली, कॅलिफोर्नियात एक स्टेशनही चालवलं आणि 2015 मध्ये विषय सोडून दिला. लोकांना चार्जर पुरत होता.

चालवून दाखवलं ते चीनच्या निओ या गाड्यांच्या कंपनीनं. पहिलं स्टेशन 2018 मध्ये शेन्झेनला, आता तीन हजारांच्या पुढे. तिच्या तिसऱ्या पिढीच्या एका स्टेशनात 21 बॅटऱ्या असतात आणि दिवसाला कमाल 408 अदलाबदली होऊ शकतात. गाड्या तिच्याच, बॅटऱ्या तिच्याच, स्टेशनंही तिचीच. म्हणजे एकाच मालकाचे माग आणि एकाच मापाच्या कांड्या. तरीही कंपनी वर्षानुवर्षं तोट्यात राहिली. सीएटीएल ही बॅटऱ्यांची सर्वांत मोठी कंपनी आता अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालतील अशी ठरावीक मापं रेटते आहे. मला विचाराल तर मोटारींसाठी या कल्पनेचं खरं भवितव्य या प्रयत्नावर ठरेल, कारण मापं ठरवण्याची ताकद गाडी बनवणाऱ्यापेक्षा बॅटरी बनवणाऱ्याकडे जास्त आहे.

तिकडे चार्जरही थांबलेला नाही. मार्च 2025 मध्ये चीनच्याच बीवायडी या गाड्यांच्या कंपनीनं एक मेगावॅटचा चार्जर दाखवला, पाच मिनिटांत 400 किलोमीटरचा दावा करून. असा चार्जर अक्कलकोट रोडला यायला खूप वर्षं जातील, एकट्या त्यालाच एखाद्या छोट्या कारखान्याएवढी वीज लागेल. पण त्यामुळे "बदलणं म्हणजे वेगवान" हा जुना मुद्दा पातळ होत चालला, हे मानावं लागेल.

नोंदवही

व्हिडिओ बाजूला ठेवून मी दोन्ही ड्रायव्हरांना एक वही दिली. गाडी कुठे किती वेळ उभी राहिली, किती टक्क्यांवर लावली आणि निघताना किती झाली, एवढंच लिहायचं. आठ दिवस.

तिन्ही ठिकाणांचा फेरा असा पडतो: तुळजापूर जाऊन-येऊन 90 किलोमीटर, अक्कलकोट 80, पंढरपूर 150. एकूण 320. एसी चालू ठेवून गाडी एका किलोवॅट-तासात सात किलोमीटर देते, म्हणजे एका भरणीत 180 च्या आसपास. फेरा एका भरणीत होत नाही, म्हणूनच दादाला बॅटरी बदलण्याची ओढ लागली होती. त्याच्या डोक्यात चित्र असं होतं की चार्जिंगपायी गाडीचा तासभर रोज वाया जातो.

वहीनं वेगळंच सांगितलं. सकाळी तुळजापूर करून गाडी अक्कलकोटला पोचते तेव्हा 130 किलोमीटर झालेले असतात. प्रवासी दर्शनाला जातात, मग अन्नछत्रात महाप्रसाद, मग प्रसादाची आणि फोटोंची खरेदी. पावणेदोन ते अडीच तास. एवढ्यात साध्या फास्ट चार्जरवरसुद्धा गाडी भरते. पंढरपूरच्या रांगेत याहून जास्त वेळ जातो, तिथे थोडी भर घातली की परतीची चिंता संपते. गाडी उभी राहते ती प्रवाशांसाठी, आणि उभी असताना पोट भरून घेते. जो तास वाचवायला दादा लाखो रुपये घालणार होता, तो वाया जातच नव्हता.

अपवाद गुरुवारचा. स्वामींचा वार, पुण्या-मुंबईच्या गाड्यांची गर्दी, चार्जरपुढे रांग. त्या दिवशी एका ड्रायव्हरनं वहीत लिहिलं होतं: "नंबर 1 तास 20 मि. नंतर आला. गिऱ्हाईक चिडले." उन्हाचंही एक आहे. पारा 42 च्या वर गेला की तापलेली बॅटरी स्वतःच करंट कमी घेते आणि तासाचं काम दीड तासावर जातं. अनुभवी ड्रायव्हर त्यामुळे चार्जरजवळच्या लिंबाच्या सावलीत आधी वीस मिनिटं गाडी उभी करतो. ही युक्ती मी त्याच्याकडून शिकलो.

पैशाची बाजू

तरी हिशेब करायचं कबूल केलं होतं, म्हणून केला. बॅटरीचा भाव किलोवॅट-तासाला 12,000 रुपये धरला तर 26 ची बॅटरी 3 लाख 12 हजारांची. पाचही गाड्या इलेक्ट्रिक धरून जादाच्या चार बॅटऱ्या म्हणजे साडेबारा लाख. 11 टक्के व्याजानं आठ वर्षांत फेडायचे तर महिना 19,600 च्या जवळ. प्रत्येक गाडीची दिवसाला एक अदलाबदल धरली तर एका अदलाबदलीवर बॅटरीचा बोजा पडतो 130 रुपये. वीज वेगळी.

हा आकडा बघून दादा खूश झाला. मीही क्षणभर थबकलो, कारण तो वाटतो तितका वाईट नाही. अडचण त्यात न धरलेल्या गोष्टींची आहे. पाचही गाड्या दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान येणार, संध्याकाळी एकही नाही, म्हणजे चार बॅटऱ्यांनाही धाप लागणार. उचलणारं यंत्र पाच गाड्यांसाठी घ्या किंवा पाचशे गाड्यांसाठी, किंमत तीच. आणि सुट्या बॅटरीवर जीएसटी 18 टक्के, गाडीसोबत घेतलीत तर 5 टक्के. बॅटरीविना गाडी विकायला आणि नोंदवायला ऑगस्ट 2020 पासून केंद्राची परवानगी आहे, पण करातली ही फट मात्र तशीच राहिली.

सगळ्यात महत्त्वाचं, स्टेशन फक्त त्याच्याच गाड्यांचं राहिलं असतं. अक्कलकोटला जाणारी पुण्याची गाडी शेडसमोरून जाईल आणि थांबणार नाही, कारण तिच्या पोटातली पेटी वेगळ्या मापाची. तेच चार्जर असला तर ती थांबेल. आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींना आता सीसीएस-2 नावाचा एकच प्लग बसतो. मोटारींच्या बाबतीत सगळ्यांना बसणारी कांडी ठरली आहे, फक्त ती बॅटरी नसून प्लग आहे. मला हे उशिरा उमगलं, पण उमगल्यावर दादाला समजावायला दोन वाक्यं पुरली. "तिसरं खोकं आठव," एवढंच म्हणालो.

खरा प्रश्न वेगळाच होता

दोन दिवसांनी वहिनींनी चहा देताना सहज म्हटलं, "भाऊजी, ह्यांना त्या यंत्राचं काही नाही. बॅटरी बसली तर काय करायचं, ह्याच्यानं झोप लागत नाही."

तिथे गाठ सापडली. अशा गाड्यांच्या बॅटरीवर साधारण 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल तेवढी वॉरंटी असते. घरच्या गाडीला ती आठ वर्षं पुरते. दादाची गाडी सरासरी रोज 250 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस पळते. म्हणजे वर्षाला 75,000, आणि वॉरंटी संपते सव्वादोन वर्षांच्याही आधी. कर्ज मात्र पाच वर्षांचं. बॅटरी बदलण्याच्या स्टेशनात त्याला वेगापेक्षा ही सुटका दिसली होती: बॅटरी दुसऱ्याची, तिची काळजीही दुसऱ्याची.

त्यावर बाजारात एक तोडगा दिसतो, न बदलता नुसती भाड्यानं बॅटरी. एमजीनं सप्टेंबर 2024 मध्ये विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी आणली तेव्हा बॅटरीसकट किंमत साडेतेरा लाख होती, आणि बॅटरी भाड्यानं घेतली तर 9 लाख 99 हजार अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये. दादाचे डोळे पुन्हा चमकले. मी कागदावर भागाकार करून दाखवला. किमतीतला फरक साडेतीन लाख, भाडं साडेतीन रुपये, म्हणजे बरोबर 1 लाख किलोमीटरला फरक फिटला. वर्षाला 12,000 किलोमीटर फिरणाऱ्या प्राध्यापकाला त्याला आठ वर्षं लागतील. दादाला सोळा महिने. नंतर तो त्याच बॅटरीचं भाडं भरत राहणार. जितकी गाडी जास्त पळते तितकं किलोमीटरवरचं भाडं महाग, आणि टॅक्सी तर पळण्यासाठीच असते.

मग बॅटरी स्वतःचीच ठेवायची आणि तिला जपायचं, असं ठरवलं. वर्षाला 75,000 किलोमीटर म्हणजे चारशेच्या आसपास पूर्ण भरण्या. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या दोन-तीन हजार भरण्या सहज झेलतात. सोलापूरच्या उन्हाची वजावट धरली तरी कर्ज फिटेपर्यंत ती टिकायला हरकत नाही. अट इतकीच की निम्म्याहून जास्त भरणी रात्रीच्या गारव्यात, सावकाश, साध्या एसी, म्हणजे घरगुती प्रवाहाच्या, चार्जरवर व्हावी. इथे मागाचं जुनं थ्री फेज कनेक्शन कामाला आलं. विद्युत निरीक्षणाचे सोपस्कार करून, भार वाढवून, शेडमध्ये 7.2 किलोवॅटचे दोन पॉईंट बसवले. खर्च यंत्राच्या विचारासमोर किरकोळ. रात्रीच्या विजेवर किलोमीटरला दीड रुपयाच्या आत पडतं, बाहेरच्या फास्ट चार्जरवर तीनच्या आसपास, डिझेलला पाच. जिथे जास्त भरायचं ते स्वस्तात भरलं जातं.

काय झालं आणि काय राहिलं

पावसाळ्याआधी रस्त्याच्या बाजूला दोन गनचा, म्हणजे एका वेळी दोन गाड्यांना लागणारा, एक फास्ट चार्जरही बसला. हे मात्र मी जपून सुचवलं होतं. तो दादाच्या गाड्यांसाठी नाही, अक्कलकोटला जाणाऱ्या परगावच्या गाड्यांसाठी आहे. गुरुवारी आणि पौर्णिमेला चांगला चालतो. मंगळवार-बुधवारी कधी कधी दिवसभर एकच गाडी येते. त्यावर धंदा उभा राहील असं म्हणायला मी अजून तयार नाही. श्रावणात एका गुरुवारी ऐन गर्दीत वीज गेली आणि चार गाड्या तीन तास अडकल्या. तिथे अदलाबदलीचं स्टेशन असतं तर भरलेल्या बॅटऱ्या शिल्लक असत्या, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. त्या दिवशी दादानं मला फोन केला नाही, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

हैदराबादची रातोरात जाणारी लग्नाची भाडी अजून डिझेलवरच जातात. एकाच गाडीवर दोन ड्रायव्हर, दिवसा एक आणि रात्री दुसरा, असं चालवायचं दादाच्या मनात आहे. तसं झालं तर गाडी उभी राहायचीच नाही आणि माझ्या वहीतला अख्खा हिशेब उलटेल.

मला विचारलं तर सोलापुरात बॅटरी बदलणं येणार, पण मोटारीच्या आधी दुसऱ्या दोन वाटांनी. एक, रिक्षा आणि दुचाकी. दहा-बारा किलोची पेटी हातानं उचलून बदलता येते, यंत्र लागत नाही. निती आयोगानं एप्रिल 2022 मध्ये धोरणाचा मसुदा काढला तो दुचाकी-तीनचाकींवर भर देऊनच. दुसरी वाट मोठ्या ट्रकांची. होटगीकडे जा, फताटेवाडीच्या वीज केंद्रातून राख नेणारे बंद टाकीचे ट्रक बघा. तीच गाडी, तोच रस्ता, दिवसरात्र चाक फिरतं, आणि मालक मोजके. तिथे उभं राहणं म्हणजे खरंच नुकसान. दादाच्या टॅक्सीला ज्या अटी कधीच पुऱ्या करता आल्या नाहीत, त्या तिथे आपोआप पुऱ्या होतात.

शेडमधली खोकी मामीनं टाकू दिली नाहीत. एसी पॉईंटच्या खाली ती अजून तशीच आहेत. दादाला दिवाळीआधी तिसरी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. वही चालू ठेव, असं मी त्याला सांगितलं आहे, निदान दोन ड्रायव्हरांची पाळी सुरू झाल्यावरचे पहिले आठ दिवस तरी.